घाटातला जळका वास: क्लच, ब्रेक, तेल की वायर?

क्लच प्लेटवरचं लायनिंग आणि ब्रेकचे पॅड दोन्ही जवळपास एकाच मालाचे: तंतू, भुकट्या आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं फेनॉलिक रेझिन. तापले की दोघांतून तोच खवखवणारा, जळक्या कागदासारखा वास येतो. नाक कितीही तयार असलं तरी नुसत्या वासावरून फरक कळेलच असं नाही. म्हणून कुंभार्ली किंवा आंबा घाट चढून आलेल्या गाडीला वास आला, की बऱ्याच ठिकाणी सरळ गिअरबॉक्स खाली उतरतो आणि नवा क्लच सेट बसतो. पुढच्या सहलीला वास पुन्हा हजर असतो, कारण अडकलेलं होतं पुढच्या चाकाचं कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. क्लच उघडण्याआधी चारही चाकं तपासा, एवढं एक जरी पाळलं तरी बराच पैसा आणि गाडीचे दोन-तीन दिवस वाचतात. ब्रेक तपासायला अर्धा तास लागतो आणि काही उघडावंही लागत नाही. क्लच प्लेट डोळ्यांनी बघायला मात्र निम्मी गाडी खोलावी लागते.

इथे गृहीत धरलेली गाडी म्हणजे नेहमीची घरातली: इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, पुढे डिस्क, मागे ड्रम, गिअर हाताचे किंवा एएमटी (गिअर आपोआप बदलणारी).

शोधाशोध सुरू करण्याआधी एक गोष्ट. धूर दिसत असेल किंवा वितळत्या प्लॅस्टिकचा उग्र वास केबिनमध्ये येत असेल, तर कारण शोधत बसू नका. गाडी कडेला, इंजिन बंद, सगळे खाली आणि वाहतुकीपासून लांब. बोनेटच्या फटीतून धूर येत असताना बोनेट सताड उघडायचं नाही, हवा मिळाली की आग भडकते. आतला खटका ओढून बोनेट पहिल्या टप्प्यापर्यंतच सोडायचं आणि त्या फटीतून आग विझवायच्या एबीसी पावडरच्या नळकांड्याचा फवारा आत मारायचा. एक किलोचं नळकांडं काही सेकंदांत संपतं, म्हणून फवारा ज्वाळेच्या टोकावर न मारता बुडाशी मारा. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर मागे हटा आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ देखील आहे. कच्च्या पेट्रोलचा वास येत असेल, तर तो जळका नसला तरी सगळ्यांत धोक्याचा. अशी गाडी चालू न करता टो करूनच न्यायची. सीएनजी गाडीत गॅसचा वास आला तर आधी दारं-डिकी उघडा, सिलिंडरवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा आणि विजेचं कुठलंही बटण दाबू नका.

आता शांतपणे पाहू. पहिला प्रश्न, वास नेमका कधी येतो? चढताना येतो की उतरताना? गाडी पळत असताना, की सिग्नलला थांबल्यावर? एसी लावल्यावरच येतो का? हेडलाइट लावल्यावर? सर्व्हिसिंग किंवा तेल बदलून किती दिवस झाले? हे सगळं मोबाइलमध्ये लिहून ठेवा. "गाडीला जळका वास येतो" एवढंच सांगितलं तर मेकॅनिकला अंदाजाने पार्ट बदलण्यावाचून गत्यंतर नसतं. "उतारावर नाही, सपाटीवर दहा किलोमीटर गेल्यावर येतो आणि डावीकडून जास्त येतो" असं सांगितलंत तर तो थेट चाकापाशी जाईल.

दुसरी चाचणी केबिनमध्ये बसूनच होते. वास येत असताना एसीची हवा बाहेरून घेण्याऐवजी आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. ब्लोअर बाहेरची हवा पुढच्या काचेच्या बुडातून, म्हणजे बोनेटच्या मागच्या कडेपाशी ओढतो. बटण दाबल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वास कमी झाला, तर उगम बोनेटखाली किंवा गाडीखाली आहे. उलट वाढला, तर उगम डॅशबोर्डच्या आत आहे, आणि मग पाळी ब्लोअर आणि वायरिंगची.

चाकांपासून सुरुवात

कमी वर्दळीचा सपाट रस्ता निवडा. सहा-आठ किलोमीटर ४०-५० च्या वेगाने चालवा आणि ब्रेक जमेल तितका कमी वापरा. शेवटी ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपोआप मंदावू द्या आणि अगदी थोड्या ब्रेकवर थांबवा. उतरून प्रत्येक रिमपाशी हाताची मागची बाजू न्या. डिस्कला किंवा ड्रमला बोट लावू नका, अडकलेली डिस्क कातडी सोलते. एका चाकाची धग बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त असेल, तर वासाचा उगम तोच.

इन्फ्रारेड तापमापक असेल तर काम आणखी सोपं होतं, फक्त त्यावर दिसणारा आकडा खरा मानू नका. चकचकीत डिस्कवर हे यंत्र तापमान कमी दाखवतं. त्यामुळे डाव्या आणि उजव्या डिस्कवर अगदी एकाच जागी नेम धरा आणि फक्त फरक बघा. डावी ६० आणि उजवी ६८ असेल तर ठीक. डावी ६० आणि उजवी १४० असेल तर आणखी पुरावा नको. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, ब्रेकचा बहुतांश भार पुढेच असतो. म्हणून पुढच्याची तुलना पुढच्याशी, मागच्याची मागच्याशी.

मग संशयित चाक जॅकवर उचला. पुढचं उचलताना हँडब्रेक ओढलेला आणि गिअर न्यूट्रल. मागचं उचलताना हँडब्रेक सोडलेला, गिअर पहिल्यात आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शरीराचा कुठलाही भाग घालायचा नाही. ब्रेक दोनदा दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. डिस्कचं चाक हलकं खरखरत फिरलं तर तो दोष नाही, पॅड डिस्कला चाटूनच बसलेले असतात. पण दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर ते अडकलंय.

आता नेमकं काय अडकलंय ते ठरवायचं. चाक घट्ट असतानाच कॅलिपरवरचं ब्लीडर स्क्रू (ब्रेकच्या तेलातली हवा काढायचं) पाव वळसा सैल करा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर आत दाब कोंडलेला होता. म्हणजे कॅलिपर ठीक आहे आणि रबरी होज (कॅलिपरला तेल नेणारी नळी) आतून सुजला आहे. असा होज तेल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही, आणि बाहेरून अगदी नवा दिसतो. ब्लीडर सैल करूनही चाक हललं नाही, तर पॅडला ढकलणारा पिस्टन किंवा कॅलिपर जिच्यावर सरकतं ती गाइड पिन जाम आहे. काम झाल्यावर ब्लीडर आवळा, आणि त्यानंतरच पेडल दाबा, नाहीतर आत हवा शिरते. ब्रेकचं तेल रंग खातं, बॉडीवर पडलं तर लगेच पाणी ओता.

एकाच वेळी दोन चाकं गरम निघाली तरी गोंधळू नका. बऱ्याच छोट्या गाड्यांत ब्रेकची एक लाइन पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या चाकाला जाते, दुसरी उरलेल्या दोघांना. अशी तिरपी जोडी गरम असेल, किंवा चारही चाकं धरत असतील, तर मास्टर सिलिंडरकडे, म्हणजे पेडलचा दाब तेलाला देणाऱ्या भागाकडे बघा. पेडलला सुरुवातीची थोडी मोकळी चाल उरलेली नसेल, तर मास्टरमधलं तेल टाकीत परतत नाही आणि गाडी स्वतःच हळूहळू ब्रेक धरत जाते. पेडलवर चढून ते दाबून ठेवणारं जाडजूड मॅटही अगदी हेच करतं.

गाइड पिन जाम होणं हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं. पाऊस, चिखल, फाटलेलं रबरी बूट, आणि सर्व्हिसिंगच्या वेळी पॅड बदलताना पिन काढून न पुसणं. ओळख अशी: आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त झिजलेला असतो. कॅलिपर सरकेनासं झालं की पिस्टनच्या बाजूचा पॅड एकटाच काम करतो.

दुरुस्ती अवघड नाही, पण घाईने करण्याची नाही. कॅलिपरचे दोन बोल्ट काढा, कॅलिपर उचला आणि तारेने स्प्रिंगला टांगून ठेवा. होजवर लोंबकळत ठेवलं तर होज आतून फाटतो. दोन्ही पिना बाहेर काढा. कुठल्या पिनेवर रबरी बुश आहे ते बघून ठेवा आणि बसवताना ती त्याच भोकात घाला. गंज बारीक पॉलिश पेपरने जातो. पिनेला खड्डे पडले असतील तर पिनच बदला. भोकातलं वाळलेलं ग्रीस कापडाच्या वातीने काढा. मग सिलिकॉनचं किंवा कॅलिपरसाठीच बनवलेलं सिंथेटिक ग्रीस, तेही पातळ थर. बेअरिंगचं साधं पिवळं किंवा काळं ग्रीस कधीच नाही. ब्रेकमधलं रबर पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मोकळी केलेली पिन दोन महिन्यांत पहिल्यापेक्षा घट्ट बसते. "मागच्याच वर्षी कॅलिपर सर्व्हिस केलं होतं" म्हणणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा हेच निघतं. ग्रीस ठासून भरलं तरी आत हवा कोंडून पिन पूर्ण बसत नाही.

पॅडचे कान ज्या खाचांत सरकतात तिथल्या पत्र्याच्या क्लिपा काढून खालचा गंज ब्रशने घासा. पिस्टन सी-क्लॅम्पने सावकाश मागे ढकला. वरच्या टाकीचं झाकण सैल ठेवा आणि तेल उतू जात नाही ना ते पाहा. क्लॅम्पलाही दाद देत नसेल तर सील किट लागेल. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील टिकणार नाही, कॅलिपरच बदला. पॅडचं लायनिंग तीन मिलिमीटरच्या आसपास उरलं असेल तर तेव्हाच बदलून टाका, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे. सगळं बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला पेडल थेट जमिनीला टेकतं.

मागच्या ड्रमचा वास बहुतेक वेळा हँडब्रेकचा. केबल गंजून अडकते आणि लीव्हर खाली गेला तरी शू, म्हणजे ड्रमच्या आतले ब्रेकचे पट्टे, ड्रमला धरून राहतात. डॅशबोर्डवरचा लाल दिवा फक्त लीव्हरची जागा सांगतो, शू सुटले की नाही हे त्याला कळत नाही. अडकलेली केबल तेल सोडून वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. काही दिवस बरं वाटतं, मग ऐन पावसात पुन्हा अडकते. बदला. कोकणात पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमध्ये, चाकाला दगड लावून ठेवा, म्हणजे शू ड्रमला चिकटत नाहीत. नवे शू बसवल्यानंतर वास येत असेल तर ते जास्त आवळलेले असतात. आणि ड्रमच्या मागच्या पत्र्यावर ओल दिसली तर शू ढकलणारं व्हील सिलिंडर गळतंय. ते तेल शूवर जळतं आणि ब्रेकही एका बाजूला ओढू लागतो. तेल प्यालेले शू धुऊन परत बसवू नयेत.

चाकं ठीक आहेत, फक्त घाट उतरल्यावर चारही चाकांतून वास येतो, असं असेल तर दोष चालवण्यात आहे. ज्या गिअरमध्ये तो घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर पाय टेकवून ठेवण्याऐवजी थोडा वेळ ठामपणे दाबा आणि पूर्ण सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. न्यूट्रलमध्ये उतरणं तर सरळ जिवाशी खेळ. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. डॉट ३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर १४० वर येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून तेल कितीही स्वच्छ दिसलं तरी दर दोन वर्षांनी बदलायचं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. गाडी सपाटीवर दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवली की वाऱ्यानेच निवते. मग उभी करताना हँडब्रेकऐवजी गिअर आणि दगड.

आता क्लच

चारही चाकं निर्दोष निघाली आणि वास चढावर, गर्दीत किंवा रिव्हर्स घेताना येतो, तर क्लच. सोसायटीच्या तळघरातला रॅम्प रिव्हर्समध्ये चढवणं हे क्लचवर घाटापेक्षाही जड पडू शकतं. वेग चालण्याएवढा, म्हणून पूर्ण वेळ हाफ क्लच. एक-दोन मिनिटांत प्लेट एवढी तापते की वास दुसऱ्या दिवशीही केबिनमध्ये राहतो, कारण क्लच बंद डब्यात असतो आणि आतला धूर लवकर बाहेर पडत नाही.

एकदा वास आला म्हणजे प्लेट संपली असं नाही. लायनिंगचा वरचा थर करपतो, पुढच्या काही दिवसांच्या साध्या वापरात तो घासून जातो. संपली का हे असं पाहा: रिकामा, किंचित चढाचा रस्ता, चौथा गिअर, वेग ४०. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम आणि वेग हातात हात घालून हळूहळू वाढले तर क्लच धरतोय. आरपीएमचा काटा उडी मारून वर गेला आणि वेग जागेवरच राहिला, तर घसरतोय. थंड गाडीवर एकदा आणि अर्धा तास चालवून झाल्यावर पुन्हा एकदा करा, कारण सुरुवातीची घसर तापल्यावरच दिसते. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायची जुनी पद्धतही चालते. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. पण ती एकदाच करायची, दहा वेळा केली तर चांगली प्लेटही जळेल.

घसरतोय म्हणून लगेच गिअरबॉक्स उतरवू नका. केबलचा क्लच असेल तर पेडलला सुरुवातीला मोकळी चाल आहे का ते बोटाने दाबून पाहा. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. शून्य झाली की पेडलवर पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो आणि सतत घसरतो. गाडीच्या पुस्तकात ही चाल मिलिमीटरमध्ये दिलेली असते, टोकाच्या नटने ती मिळवता येते. पुष्कळ वेळा एवढ्यानेच भागतं. हायड्रॉलिक क्लचमध्ये हे समायोजन आपोआप होतं, तिथे मास्टर सिलिंडरचं तेल परतत नाही का ते तपासा.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर काढलेली प्लेट हातात घेऊन बघा. रिव्हेटच्या डोक्यावर अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी लायनिंग उरलं असेल तर ती संपली. लायनिंग जाड आहे पण काळं, ओलसर, तेलकट आहे, तर खरा दोष प्लेटचा नाही. क्रँकचा मागचा ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गळतोय. तो तसाच ठेवून नवी प्लेट बसवली तर काही महिन्यांत तिचीही तीच गत. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, कारण मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच मोठी असते. फ्लायव्हीलवर (प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाची चकती) निळे डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर तेही पाहायला लावा. करपलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट थरथरते आणि पुन्हा तापते.

एएमटीवाल्यांसाठी हे मुद्दाम लिहितो आहे. भारतात २०१४ मध्ये छोट्या हॅचबॅकमधून एएमटी आली आणि "क्लच नाही" असा समज पसरला. क्लच आहे, तीच कोरडी प्लेट आहे, फक्त पायाऐवजी ॲक्चुएटर ती चालवतो. चढावरच्या रांगेत ब्रेक सोडून हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की प्लेट अखंड घसरत राहते, आणि पायाला त्याची जाणीवही होत नाही. चढावर नेहमी ब्रेकवरच थांबा, पुढच्या गाडीत थोडं अंतर पडू द्या, मग एका दमात पुढे जा. मॅन्युअल मोडमध्ये पहिला गिअर धरून ठेवला तर आणखी बरं. क्लच तापल्याचा इशारा आला तर सुरक्षित जागी न्यूट्रलमध्ये उभे राहा आणि निवू द्या. क्लच बदलल्यावर स्कॅनर लावून नव्या प्लेटचं लर्निंग (संगणकाला तिची ओळख करून देणं) करून घ्यावं लागतं, ते राहिलं तर गाडी झटके देते आणि नवी प्लेटही तापते.

सिग्नलला थांबल्यावर येणारा तेलाचा वास

गाडी पळताना काही नाही, थांबली की कढईतलं तेल करपल्यासारखा वास, कधी बोनेटच्या कडेने निळसर धूर. हे इंजिन ऑइल एक्झॉस्टवर टपकतंय. पळताना वारा वास मागे नेतो, थांबल्यावर तो काचेच्या बुडातून आत येतो. सर्वांत मोठा संशयित टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं पॅकिंग. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर टणक होतं आणि कडेने तेल पाझरतं.

मात्र तेल बदलून एक-दोनच दिवस झाले असतील तर आधी तेलाचं झाकण नीट बसलंय का आणि फिल्टरच्या कडेला ओल आहे का ते बघा. सांडलेलं तेल शंभरेक किलोमीटरमध्ये जळून जातं आणि वास थांबतो. थांबला नाही, तर जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलंय आणि त्यावरच नवा फिल्टर आवळलाय, अशी शक्यता असते. हे धोक्याचं आहे, दोन रबरं एकमेकांवरून सरकली की सगळं तेल मिनिटभरात बाहेर पडतं.

गळती शोधायची तर थंड इंजिन डीग्रीझरने पुसून कोरडं करा, संशयाच्या जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि १५-२० मिनिटं चालवा. पावडर जिथे ओली, तिथे गळती. शोध नेहमी वरून खाली, कारण तेल खाली ओघळतं आणि खालचा निर्दोष सील बदनाम होतो. पॅकिंग बदलताना दोन्ही कडा जुन्या गोंदाशिवाय स्वच्छ हव्यात. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत, जिथे टायमिंग कव्हर हेडला मिळतं तिथे. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन फेऱ्यांत, पुस्तकातल्या टॉर्कने आवळा. साधारण १० न्यूटन-मीटरच्या आसपासचं काम असतं हे, म्हणजे लहान पाना आणि मनगटाचा जोर. "गळतंय म्हणून अजून आवळ" म्हटलं की कव्हर वाकतं आणि जास्त गळतं. त्याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनात साठणारा दाब सोडणारा) काढून हलवा. पेट्रोल गाड्यांत तो सहसा खुळखुळतो. चोंदला असेल तर इंजिनातला दाब नव्या पॅकिंगलाही ढकलून तेल बाहेर काढेल.

तेलासारखाच, पण जास्त चिकट वास, आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे: ॲक्सलचं रबरी बूट फाटलंय आणि ग्रीस एक्झॉस्टवर उडतंय. लवकर दिसलं तर फक्त बूट आणि ग्रीस, महिनाभर दुर्लक्ष केलं तर पूर्ण जॉइंट. गोडसर वास असेल तर कूलंट. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

वायरचा वास

वितळत्या प्लॅस्टिकचा, कधी सडक्या मासळीसारखा. हा वास आला की प्रवास तिथेच थांबवा, वायर शॉर्ट होऊन आग लागायला फार वेळ लागत नाही.

हेडलाइट लावल्यावर येत असेल तर बल्ब बघा. कंपनीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ५ अँपिअर. बाजारातला १००/९० वॅटचा ८.३ अँपिअर ओढतो. जोडातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणजे होल्डरमध्ये जवळजवळ पावणेतीन पट. होल्डर तपकिरी होतो, मग वितळतो. नवा होल्डर आणि मूळ वॅटचा बल्ब हाच उपाय. फ्यूज उडतो म्हणून १५ च्या जागी ३० अँपिअरचा टाकलेला दिसला, तर तो तत्क्षणी काढा. फ्यूज वायरीला वाचवतो, त्याला मोठं केलं की वायरच फ्यूज होते. डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम, रिमोट लॉक बसवताना वायर सोलून, पीळ देऊन नुसती टेप गुंडाळलेले जोड शोधा.

ब्लोअर पहिल्या तीन स्पीडला बंद आणि फक्त शेवटच्याला चालू, सोबत ग्लोव्हबॉक्समागून वास: ब्लोअरचा रेझिस्टर. तो ब्लोअरच्याच हवेने थंड होतो. केबिन फिल्टर धुळीने भरला किंवा आत पाला अडकला की करपतो. नुसता रेझिस्टर बदलू नका, फिल्टरही बदला.

एसी लावल्यावर किंचाळी आणि रबराचा वास आला तर बेल्ट. इंजिन बंद करून, बेल्ट उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवा. कंप्रेसर किंवा आयडलरचं बेअरिंग जाम असेल तर नवा बेल्टही टिकणार नाही. बॅटरीपाशी सडक्या अंड्यांसारखा वास आला तर मीटर लावा: इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ व्होल्ट ठीक, सतत १५ च्या वर असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरी उकळतेय. तिच्याजवळ ठिणगी नको.

बाकीची कारणं साधी आहेत, पण आधी तीच बघून घ्यावीत. सायलेन्सरला चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी: थंड झाल्यावर लाकडी पट्टीने खरवडा. गावाकडे रस्त्यावर मळणीसाठी पसरलेलं काड ॲक्सल आणि सायलेन्सरभोवती गुंडाळलं जातं आणि खरोखर पेट घेतं, तिथून गेल्यावर लगेच थांबून खाली वाकून पाहा. इंजिनावर उंदरांनी आणून ठेवलेला काथ्या, चिंध्या, पाव. पावसाळ्याआधी मारलेलं अंडरबॉडी कोटिंग एक्झॉस्टवर उडालं असेल तर तो वास काही दिवसांत जातो. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करताना गरम धातूचा वास येतो, आरपीएम थोडे वाढतात, थांबल्यावरही पंखा फिरत राहतो. हा बिघाड नाही. फिल्टरमधली काजळी सुमारे ६०० अंशांवर जाळली जात असते, तेव्हा गाडी बंद न करता पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा, आणि अशा वेळी वाळल्या गवतावर उभी करू नका.

दुरुस्ती झाल्यावर गाडी गॅरेजच्या दारातच ताब्यात घेऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून तीच सहा-आठ किलोमीटरची फेरी मारा, त्याच्यासमोर चारही चाकांची धग पाहा, आणि काढलेला पार्ट मागून घ्या. नवे पॅड किंवा प्लेट असेल तर पहिले दोन-तीनशे किलोमीटर हलका वास येऊ शकतो. त्या काळात जोरात ब्रेक दाबणं आणि भरलेल्या गाडीने घाट चढणं टाळा. त्यानंतरही एकाच बाजूने वास येत राहिला, तर पुन्हा त्या बाजूचं चाक उचला.